वृक्षारोहण

पावसाळा सुरू झाला की शाळाशाळांतून वृक्षारोपण होते. खड्डा खणणे, रोप लावणे, त्यास पाणी घालणे ही कामे तुम्हांस ठाऊक आहेत. त्या शब्दाच्या अगदी शेजारचा दुसरा शब्द आहे वृक्षारोहण. वृक्षारोहण म्हणजे झाडावर चढणे. पेरूच्या किंवा आंब्याच्या झाडावर तुम्हीही कधी चढला असाल. परंतु खेळ म्हणून चढणे निराळे आणि कमरेला कोयता अडकवून, पोटासाठी, दिवसामागून दिवस चढणे निराळे. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या भागांत असे चढणारे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत आणि त्यांच्या कामाचा हंगाम ऐन थंडीत येतो. हे काम कसे चालते, त्यात धोका कोणता आणि तो टाळण्याची विद्या कोणती, हे या पाठात पाहू.

भोर आणि वेल्हे हा सह्याद्रीच्या पूर्व उताराचा मुलूख होय. वेल्हे तालुक्यास राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. राजगड, तोरणा, रायरेश्वर, रोहिडा असे गड या मुलखात उभे आहेत. तोरण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर आहे. या डोंगरांच्या मधून नीरा, वेळवंडी, गुंजवणी या नद्या वाहतात. खोऱ्यांत भाताची खाचरे आणि उतारावर नाचणी व वरई, अशी येथील शेती. पाऊस मुबलक, पण जमीन थोडी व उताराची. त्यामुळे शेतकऱ्यास पूर्वीपासून रानाचा आधार घ्यावा लागला.

या आधाराचे एक रूप म्हणजे राब. भाताचे व नाचणीचे बी प्रथम एका लहानशा तुकड्यात पेरतात आणि रोपे वाढली की ती उपटून शेतात लावतात. रोपांसाठी निवडलेल्या त्या तुकड्यावर शेणाचा, डहाळ्यांचा, पालापाचोळ्याचा आणि गवताचा थर रचतात, त्यावर थोडी माती पसरतात आणि उन्हाळ्यात तो थर पेटवून देतात. त्यायोगे तणांचे बी जळते, जमिनीस राख मिळते आणि पाऊस पडताच रोप जोमाने उगवते. यासाठी ज्या पानांसकट फांद्या तोडतात, त्यांना कवळ म्हणतात. ऐन आणि किंजळ ही कवळासाठी आवडीची झाडे.

आता तुम्ही विचाराल, राब भाजायचा उन्हाळ्यात, मग कवळ थंडीत का तोडायचे? याचे उत्तर पानगळीत आहे. ऐनाचे झाड उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळते. पान गाळणे हे जिवंत झाडाचे काम आहे. पानाच्या देठाशी झाड स्वतःच एक नाजूक थर तयार करते आणि तेथून पान सुटते. फांदी आधीच तोडली, तर हा थर तयार होत नाही. पाने वाळतात, पण फांदीला चिकटून राहतात. म्हणून भाताची कापणी व मळणी आटोपली, की पानगळीच्या आत कवळ तोडून वाळत घालावे लागते. शेतकऱ्याने शोधून काढलेली ही युक्ती आहे; मात्र तिच्यामुळे त्याला कडाक्याच्या थंडीत झाडावर चढणे भाग पडते.

येथील थंडी हिमालयातल्यासारखी नसते. तरीही रात्रीची जड, गार हवा डोंगरावरून ओघळून खोऱ्यात साचते आणि कित्येक पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. अशा वेळी आपले शरीर एक व्यवस्था करते. हृदय, फुप्फुसे आणि मेंदू उबदार राहावेत म्हणून ते हातापायांकडे जाणारे रक्त कमी करते. त्यामुळे बोटे प्रथम गार, मग ताठ आणि शेवटी बधिर होतात. जमिनीवर उभे असताना बोटे बधिर झाली तर फार बिघडत नाही. सात-आठ मीटर उंचीवर मात्र बोटे हीच माणसाची दोरी असते. आपण फांदी घट्ट धरली आहे असे त्याला वाटते आणि प्रत्यक्षात पकड सुटत असते. थंडीचा खरा धोका तो हाच.

यात दवाची भर पडते. पहाटे खोडावर आणि फांद्यांवर दव साचते आणि साल निसरडी होते. शिवाय ओल्या हाताची ऊब फार लवकर जाते, कारण पाणी हे स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून जाणता चढणारा उजाडताच झाडाला हात घालीत नाही. ऊन खोडावर येऊन साल सुकेपर्यंत तो थांबतो. तोपर्यंत शेकोटीपाशी हात शेकतो, दोरी तपासतो, कोयत्याला धार लावतो. त्याने एक सोपी परीक्षाही करावी. अंगठा क्रमाने चारही बोटांच्या टोकांना लावून पाहावा. करंगळीपर्यंत तो सहज पोहोचत नसेल, तर हात अजून कामाला तयार नाहीत असे समजावे. ते काखेत धरून ऊब द्यावी आणि मगच चढावे.

हातमोजे घातले तर? प्रश्न योग्य आहे, पण कोणतेही हातमोजे चालत नाहीत. साधे सुती हातमोजे दवाने भिजतात आणि भिजल्यावर उघड्या हातापेक्षाही गार होतात. शिवाय त्यांतून कोयत्याची गुळगुळीत मूठ निसटते. जाड लोकरीचे हातमोजे उबदार खरे, परंतु त्यांतून सालीचा खडबडीतपणा बोटांना कळत नाही. चढण्यासाठी पातळ आणि हाताला नेमके बसणारे, तळव्याला रबराचा थर असलेले हातमोजे चांगले. ते सैल असतील तर बोटाचे टोक काटकीत अडकते. फार घट्ट असतील तर रक्त अडते आणि हात उलट अधिक गार पडतात. एक कोरडा जोड जवळ असावा. जाड लोकरीचे हातमोजे खाली विसाव्याच्या वेळी वापरावेत. अंगावरही एकच जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. श्रमाने घाम येऊ लागला की एक उतरवता येतो, कारण घामाने भिजलेला कपडा पुढे थंडीच आणतो. घोंगडी झाडाखाली ठेवावी. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते, हे मावळातील लोक फार पूर्वीपासून जाणतात.

चढणाऱ्याची हत्यारे मोजकीच असतात. पहिले कोयता. तो हातात घेऊन कधीही चढू नये. त्यासाठी कमरेच्या दोरीला मागच्या बाजूस एक आकडी बांधलेली असते. कोयता तिच्यात अडकवला की दोन्ही हात मोकळे राहतात. दुसरी वस्तू दोरखंड. तो वापरण्यापूर्वी वीतभर वीतभर हातातून सरकवून पाहावा; एखादा पीळ तुटलेला वा झिजलेला आढळल्यास तो दोर माणसाच्या भारासाठी वापरू नये. तिसरी वस्तू डोक्यावरील कठीण टोपी. ती पूर्वी नसे, परंतु वरून पडणाऱ्या वाळक्या फांदीपासून ती डोके वाचवते.

चढण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी मारून वर पाहावे. वाळकी फांदी, पोकळ खोड, आग्या मोहोळ, लाल मुंग्यांचे घरटे, जवळून जाणारी विजेची तार यांपैकी काही आहे का? तार असेल तर त्या झाडाकडे जाऊच नये. झाडाची जातही ओळखता आली पाहिजे. ऐनाची साल मगरीच्या पाठीप्रमाणे भेगाळलेली असते; तिला पकड चांगली मिळते, पण तिच्या भेगांत दवही फार वेळ टिकते. चिंचेची फांदी चिवट असते. जांभळाची आणि शेवग्याची फांदी दिसते भक्कम, पण कडकन मोडते. सावरीच्या आणि पांगाऱ्याच्या अंगावर काटे असतात.

चढताना एक नियम कधीही मोडू नये. दोन हात आणि दोन पाय असे आपले चार आधार आहेत. एका वेळी त्यांतील एकच हलवावा आणि उरलेले तीन झाडावर स्थिर असावेत. पाय फांदीच्या टोकाकडे न ठेवता तिच्या बुंध्याशी ठेवावा. फांदी ही एक तरफ आहे. भार जितका टोकाकडे जाईल, तितका बुंध्याशी ताण वाढतो. नव्या फांदीवर पूर्ण भार टाकण्यापूर्वी ती दाबून पाहावी.

आता तोडण्याची वेळ येते. येथे एक हात कोयत्याकडे जातो, म्हणजे एक आधार कमी होतो. म्हणून तोडण्याआधी कमरेचा दोर खोडाला, एखाद्या बळकट बेचक्याच्या वरून वळसा देऊन बांधावा. थंड देशांतही हिवाळ्यात, झाडे निष्पर्ण असताना, फांद्या छाटण्याचे काम चालते. तेथील व्यावसायिक चढणारे कमरेला व मांड्यांना पट्ट्यांचे खोगीर बांधतात आणि करवत चालवताना दोन निरनिराळ्या दोरांनी स्वतःला बांधून घेतात. एखादा दोर चुकून कापला गेला तरी दुसरा राहतो. त्यांच्यापैकी अनेकजण प्रूसिक नावाची गाठ वापरतात. कार्ल प्रूसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती १९३१ साली प्रसिद्ध केली. बारीक दोरीच्या फासाचे तीन वेढे जाड दोरावर घातले म्हणजे ही गाठ होते. भार नसताना ती हाताने वरखाली सरकते आणि भार पडताच जागीच आवळून बसते. जाड दोर टांगून तुम्हीही हा प्रयोग जमिनीवर उभे राहून करू शकता.

फांदी तोडताना प्रथम खालून थोडा घाव घालावा, मग वरून तोडावे. असे केले नाही, तर पडणाऱ्या फांदीबरोबर खोडाची साल लांबवर सोलली जाते आणि त्या जखमेतून कीड शिरते. झाडाचा शेंडा राखावा आणि एकच झाड दरवर्षी ओरबाडू नये. ज्या झाडाला पुन्हा पाने फुटण्यास अवधी मिळत नाही, ते खुरटते. आणि झाड गेले तर पुढच्या वर्षीचे कवळही गेले. आपण बसलेली फांदीच तोडणाऱ्या माणसाच्या गोष्टीला सगळे हसतात. सबंध रान ओरबाडणारे गाव त्या माणसाहून शहाणे नव्हे. अनेक शेतकरी आता राब न भाजता गादीवाफ्यावर रोपे तयार करतात, त्यामुळे रानावरचा भार हलका होतो. तरी हिरडा, जांभूळ व आंबा उतरवण्यासाठी झाडावर चढणारे लागतातच.

चढणाऱ्याने एकट्याने रानात जाऊ नये. खाली एक सोबती असावा, पण फांदी पडेल त्या जागेपासून दूर. वेल्ह्याच्या आडबाजूच्या वस्तीपासून दवाखाना लांब असतो, हे ध्यानात धरावे. दुर्दैवाने कोणी पडलाच, तर घाईने त्याला उचलून बसवू नये. मान व पाठ दुखावली असल्यास हलवण्याने कायमचे पंगुत्व येऊ शकते. डोके आणि मान स्थिर धरावी, अंगावर घोंगडी घालावी आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

झाडावर सरसर चढणाऱ्याचे लोक कौतुक करतात. परंतु दव वाळेपर्यंत थांबणारा, दोर दोनदा तपासणारा आणि बोटे बधिर होताच खाली उतरणारा माणूस खरा जाणता. घरी त्याची वाट पाहणारी माणसे असतात. संध्याकाळी कवळाचा भारा डोक्यावर घेऊन तो धडधाकट घरी परततो, तेव्हाच त्याचे दिवसाचे काम पुरे होते.