साऊंड कार्डाद्वारे ध्वनिवर्धकाचे संरोधमापन : वाचनांतील विसंगती व तिचा शोध

प्रस्तावना :

संगणकातील साऊंड कार्ड, एक छोटा प्रवर्धक, एक रोधक आणि चार तारा एवढ्या साहित्यावर ध्वनिवर्धकाचा संरोध (इंपीडन्स) वारंवारतेनुसार कसा बदलतो, हे पदवीच्या प्रयोगशाळेत दाखविता येते. उपकरणांची वानवा असलेल्या महाविद्यालयांना ही पद्धत सोयीची आहे. परंतु एकाच ध्वनिवर्धकाची दोन दिवसांची वाचने जुळत नाहीत, अशी तक्रार हमखास ऐकू येते. मग पाच वाचनांची सरासरी काढून प्रयोगवही पूर्ण केली जाते. सरासरीने यादृच्छिक त्रुटी कमी होते. येथील त्रुटी मात्र बहुधा एकाच दिशेने झुकणारी असते आणि अनुस्पंदनाच्या शिखरावर सर्वाधिक असते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

त्रुटीचे मूळ :

प्रवर्धकाला ज्ञात रोधक व ध्वनिवर्धक एकसर जोडतात. कार्डाची पहिली वाहिनी दोहोंवरील एकूण विद्युत् दाब मोजते, दुसरी केवळ ध्वनिवर्धकावरील. ज्ञात रोधाला दुसऱ्या दाबाने गुणून दोन दाबांच्या फरकाने भागले की संरोध मिळतो. सारी मेख या फरकात आहे. शिखरावर संरोध मोठा असल्याने दोन्ही दाब जवळजवळ सारखे होतात, फरक अल्प उरतो आणि दोन वाहिन्यांच्या संवेदनक्षमतेतील किंचित तफावतही फुगून दिसते. ती किती पट फुगते, याचे सूत्र सोपे आहे : संरोध भागिले ज्ञात रोध, अधिक एक. रोधक १० ओहमचा आणि तफावत १ टक्का असेल, तर ६ ओहमच्या ठिकाणी त्रुटी १.६ टक्के, पण ५० ओहमच्या शिखरावर ती ६ टक्के होते. रोधक १०० ओहमचा घेतल्यास शिखरावरील त्रुटी १.५ टक्क्यांवर येते. मात्र ध्वनिवर्धकावरील दाब घटतो आणि गोंगाटाचा उपद्रव वाढतो. थील (१९६१) व स्मॉल (१९७२-७३) यांच्या पद्धतीने पेटीचे आकारमान ठरविताना याच शिखराची उंची व रुंदी वापरली जाते, म्हणून हा प्रश्न केवळ प्रयोगवहीपुरता राहत नाही.

शोधाचा क्रम :

प्रथम दोन्ही वाहिन्या एकाच बिंदूला जोडून त्यांचे गुणोत्तर नोंदवावे व पुढील गणितात वापरावे. त्यानंतर पातळीची सरकपट्टी हलली, तर ही नोंद निरुपयोगी होते. दोन दिवसांच्या वाचनांतील तफावतीचे हे अगदी सामान्य कारण आहे. मग ध्वनिवर्धकाच्या जागी १० ओहमचा साधा रोधक ठेवावा. आलेख सपाट व योग्य उंचीवर आला, तरच पुढे जावे. मायक्रोफोनची खाच टाळावी : लॅपटॉपवर ती बहुधा एकाच वाहिनीची असते आणि तिच्यामागे गोंगाट-निवारण, स्वयंचलित पातळी-नियंत्रण अशा सोयी दडलेल्या असतात. संदेश कार्डाच्या मर्यादेपलीकडे गेल्यास पहिल्या वाहिनीचा माथा आधी छाटला जातो व संरोध खोटा मोठा दिसतो. ज्या प्रवर्धकाचे एकही टोक भूमीला जोडलेले नसते, तो येथे वापरूच नये. कार्डाच्या भूमीमार्फत त्याचे प्रदान लघुमंडलित होते.

एवढे करूनही फरक राहिला, तर तो ध्वनिवर्धकाचाच असू शकतो. तांब्याच्या वेटोळ्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. वीस अंशांनी तापलेले वेटोळे आठ टक्क्यांचा फरक दाखविते. पडद्याच्या आधाराची लवचीकता कंपनांच्या आवाक्यानुसार बदलते, म्हणून संदेशाची पातळी बदलली की अनुस्पंदन-वारंवारताही सरकते. शिवाय ध्वनिवर्धक मायक्रोफोनसारखाही वागतो : पंखा, दाराचा आवाज, शेजारच्या वर्गातील व्याख्यान, सारे काही आलेखात उतरते.

चिमट्यांकडे सहसा दुर्लक्ष होते. ८ ओहम म्हणून विकल्या जाणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या वेटोळ्याचा रोध साधारण ६ ओहम असतो. गंजलेल्या चिमट्यांचा अर्धा ओहम त्यात मिसळला, तर आठ टक्के त्रुटी तेथेच झाली. म्हणून दाब मोजणाऱ्या तारा प्रवाहाच्या तारांपासून वेगळ्या ठेवून थेट ध्वनिवर्धकाच्या अग्रांवर जोडाव्यात.