डोक्यात चमक मारते? आधी दिवस मोजा

"डोक्यात एकदम चमक मारली," असं आपल्या किन्हीराजात कुणी ना कुणी म्हणतंच. सुई टोचल्यासारखी ही कळ बहुतेकदा ३ सेकंदांच्या आतच थांबते. गोळी पोटात जाईपर्यंत कळ गेलेली असते, म्हणून साध्या गोळीचा फायदा होत नाही.

थोड्या दिवसांचा त्रास कोणता अन् जुनाट कोणता, हे कळेच्या जोरावरून ठरत नाही, दिवसांवरून ठरतं. काहींना थोडे दिवस चमका येतात आणि बंद होतात, काहींना मधूनमधून परत येतात. ३ महिन्यांहून जास्त काळ जवळपास रोज येत असतील, तर तो जुनाट प्रकार. अर्धशिशी असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. त्यावर डॉक्टर इंडोमेथासिन देतात, पण ते पोटाला आणि किडनीला बाधू शकतं. मनानं घेऊ नका.

आमचं सांगणं एवढंच: तारीख, जागा आणि किती वेळा, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. कळ कायम एकाच जागी येत असेल किंवा पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झाली असेल, तर तपासणी कराच. सोबत ताप येऊन मान आखडली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले किंवा अचानक दिसेनासं झालं, तर थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा.