यादीत सिनेमा दिसतो, मग लागत का नाही?

कोडीसारखा प्लेअर सिनेमांची नावं, पोस्टरं, माहिती स्वतःकडे साठवतो. मूळ फाइल मात्र दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर असते. तो संगणक बंद असला, तरी यादी जशीच्या तशी दिसते आणि ‘प्ले’ दाबल्यावर फाइल सापडत नाही. अशा वेळी घाईने लायब्ररी साफ करायला अजिबात जाऊ नका. न सापडणाऱ्या फाइलींच्या नोंदी त्यात पुसल्या जाऊ शकतात, आणि कोणता भाग कुठवर पाहिला याच्या खुणाही.

आधी तो संगणक जागा आहे का, ते पाहा. इंटरनेट गेलं म्हणून घरातलं नेटवर्क बंद पडत नाही; राउटर चालू असला की पुरे. तरीही फाइल मिळेना, तर राउटरने संगणकाचा पत्ता बदललेला असू शकतो: १९२.१६८.१.५ चा १९२.१६८.१.८ झालेला. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवला की ही कटकट संपते.

झोपलेला संगणक ‘वेक-ऑन-लॅन’ने दुरून जागा करता येतो, केबलने जोडलेला असेल तर जास्त भरवशाने. प्रवासात पाहायचे सिनेमे मात्र निघण्यापूर्वीच लॅपटॉपवर कॉपी करून घ्या.