हजेरीपट, ‘ळ’ आणि दोन आवृत्त्यांचा घोळ

माने, माळी, मासाळ. ही तीन आडनावे मराठी वर्णमालेच्या क्रमाने लावा पाहू! तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, म्हणून माने, मासाळ, माळी. पण संगणकाला अक्षरे कळत नाहीत, त्याला आकडे कळतात. युनिकोड या संकेतात ‘न’चा क्रमांक २३४४, ‘ल’चा २३५४, ‘ळ’चा २३५५ आणि ‘स’चा २३६० आहे. नुसते आकडे पाहून यादी लावली, तर माळी मासाळच्या आधी जाऊन बसतो!

गेल्या वर्षी आमच्या फलटणच्या काही विद्यार्थ्यांनी एका शाळेची अशी यादी लावून देण्याचे काम अंगावर घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच क्रमाने परीक्षेचे बैठक क्रमांक टाकायचे होते. मराठीचा क्रम जाणणारी आज्ञावली नव्याने लिहिण्याची गरज नसते. ‘आयसीयू’ नावाची एक तयार लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावल्यांचा संग्रह, कोणालाही मोफत मिळतो. मुलांनी ती वापरून सी भाषेत आज्ञावली लिहिली आणि ती बांधायला घेतली. पडद्यावर उत्तर आले: ‘यूकोल_ओपन_७२’ या नावाचा पत्ता लागत नाही.

गंमत अशी, की मुलांनी ७२ हा आकडा कोठेही लिहिलाच नव्हता! मग तो आला कोठून?

आज्ञावली बांधली जाते ती दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात कंपायलर हा तुमची सी भाषा यंत्राच्या भाषेत उतरवतो. लायब्ररीत कोणकोणती कामे आहेत हे त्याला ‘हेडर’ नावाच्या फायलीतून कळते. हेडर म्हणजे जणू लायब्ररीची अनुक्रमणिका. दुसऱ्या टप्प्यात लिंकर प्रत्यक्ष लायब्ररी उघडतो आणि अनुक्रमणिकेतले प्रत्येक नाव तेथे शोधून जोडतो. आता कल्पना करा, की अनुक्रमणिका एका आवृत्तीची आणि पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचे आहे. काय होईल?

नेमके तेच झाले होते. त्या संगणकावर पूर्वी कोणीतरी आयसीयूची ७२ वी आवृत्ती हाताने बसवली होती आणि नंतर अर्धवट काढून टाकली होती. लायब्ररी गेली, हेडर मागे राहिले. पुढे लिनक्सबरोबर ७४ वी आवृत्ती आली. लिनक्सवर हाताने बसवलेल्या वस्तूंची जागा कंपायलर बहुधा आधी धुंडाळतो, म्हणून त्याला ७२ चे हेडर सापडले. हे हेडर प्रत्येक नावाला गुपचूप आपल्या आवृत्तीचा आकडा चिकटवते. लिंकरला मात्र ७४ ची लायब्ररी मिळाली. तिच्यात ते नाव होते ‘यूकोल_ओपन_७४’.

आकडा चिकटवण्याची ही रीत त्रासदायक वाटेल, पण मला ती फार शहाणपणाची वाटते. रेल्वेच्या रुळांचेच पाहा. एके काळी मिरज जंक्शनात १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर अशा तीन मापांचे रूळ येत. एका मापाचा डबा दुसऱ्या रुळावर चढतच नसे, म्हणून माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. कटकट खरी, पण अपघात टळे. चढलाच असता तर?

लायब्ररीत असे ‘चढणे’ घडते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याचा क्रमांक २४१८. त्याआधीच्या लायब्ररीला हे अक्षर ठाऊकच नाही. ती तक्रार करत नाही. ‘ॲना’ नावाच्या मुलीला मुकाट्याने यादीच्या तळाशी टाकते. आणखी एक खोच आहे. ‘अ’ लिहून त्यावर वेगळा चंद्र दिला, तर डोळ्यांना तेच अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी ती दोन चिन्हे ठरतात. शोध घेताना एका रीतीने लिहिलेले नाव दुसऱ्या रीतीने सापडेलच असे नाही!

असा दोष कसा शोधावा? संदेशांची भली मोठी माळ आली तरी सर्वांत वरचा संदेश आधी वाचा. खालचे पुष्कळसे त्याचीच पिलावळ असतात. मग दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. हेडर कोणत्या फोल्डरातून आले? कंपायलरला सविस्तर बोलायला लावले, की तो हे सांगतो. आणि लायब्ररी कोणती मिळाली? लायब्ररीत कोणती नावे आहेत ते ‘एनएम’ ही आज्ञा दाखवते. बांधून झालेली आज्ञावली चालताना कोणती लायब्ररी उचलणार, हे ‘एलडीडी’ या आज्ञेने कळते.

काहीजण नव्या लायब्ररीच्या फायलीला जुन्या आवृत्तीचे नाव देऊन पाहतात. डब्यावरची चिठ्ठी बदलून तिखटाची साखर होत नाही! आयसीयूच्या बाबतीत आतली नावेच वेगळी असल्याने हा उपाय लगेच फसतो. दुसऱ्या एखाद्या लायब्ररीत तो फसणार नाही, आणि उत्तरे मात्र चुकतील. ते अधिक वाईट.

मुलांनी ७२ चे हेडर काढून टाकले, तरी तोच संदेश पुन्हा आला. आधी भाषांतर करून ठेवलेल्या फायलींमध्ये जुनी नावे शिल्लक होती. त्या पुसून सगळे पहिल्यापासून बांधल्यावर आज्ञावली चालली आणि रात्री दहाच्या सुमारास माळी मासाळच्या खाली आला.