मन, बुद्धी आणि ‘नूस’

धार आणि देवास या पवारांच्या जुन्या संस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना मनाचा विचार परका नाही. समर्थांचे मनाचे श्लोक आपल्यापैकी अनेकांनी लहानपणीच पाठ केले. अकराव्या शतकात धारानगरीत राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावर पतंजलींच्या योगसूत्रांची ‘राजमार्तंड’ ही वृत्ती आहे. तिचाही मुख्य विषय चित्तच.

अशा संस्कारांत वाढलेला वाचक ख्रिस्ती धर्मग्रंथाचा नवा करार मराठीत उघडतो, तेव्हा ‘मन’ हा शब्द त्यास ओळखीचा वाटतो. परंतु मूळ ग्रंथ ग्रीक भाषेत आहे, आणि तेथील ‘नूस’ या शब्दाचा अर्थ थोडा निराळा आहे. आपल्या बोलण्यात मन म्हणजे चंचल, इच्छांमागे धावणारे. ‘नूस’ म्हणजे जाणणारी, पारखणारी शक्ती. सांख्यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर संकल्प-विकल्प करणाऱ्या मनापेक्षा निश्चय करणाऱ्या बुद्धीच्या ती अधिक जवळ आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल आपली व्यथा मांडतो: नूसला चांगले काय ते पटते, पण देहातील ओढ त्याविरुद्ध झगडते. बाराव्या अध्यायात तो सांगतो, की नूस नवी झाली म्हणजे माणूस पालटतो आणि ईश्वराची इच्छा पारखू लागतो.

याच शब्दापासून ‘मेतानोइया’ हा शब्द झाला. मराठीत त्यासाठी ‘पश्चात्ताप’ रूढ आहे. त्यात मागील कृत्याचा ताप आहे; ग्रीक शब्दात मात्र दृष्टी पालटून नव्या वाटेला लागणे आहे. नुसत्या हळहळीसाठी ग्रीकमध्ये दुसरे क्रियापद आहे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदासाठी तेच योजले आहे. त्याने घेतलेली तीस नाणी परत केली, आपला अपराध कबूल केला, आणि अखेर गळफास घेतला. ताप खरा होता, परंतु तो त्याला वाटेवर परत आणू शकला नाही.

पंडिता रमाबाईंनी याच अवघड कामासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजावे म्हणून सोप्या मराठीत बायबल उतरविले. 1922 साली त्यांचे निधन झाले. इतक्या व्यासंगी विदुषीने या कार्याला आयुष्याची अखेरची वर्षे द्यावीत, यावरून एकेका शब्दाचे मोल ध्यानात येते.

घरात मूल चुकले, की ‘पश्चात्ताप झाला का?’ असे आपण विचारतो. ते रडले, की आपले समाधान होते. त्यापुढे जाऊन ‘आता तुला काय निराळे दिसते?’ असेही प्रेमाने विचारून पाहावे.