लॅमिनेट बसवताना भिंतीलगत फट हवीच
जमिनीवर बसवायच्या लॅमिनेटच्या फळीचा गाभा म्हणजे दाबून घट्ट केलेले लाकडाचे तंतू. दमट हवेत तो फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. म्हणून फळ्यांची बंद खोकी, जिथे त्या बसवायच्या त्याच खोलीत 48 तास आडवी ठेवावीत आणि चारही भिंतींलगत 8 ते 10 मिमी फट सोडावी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. स्कर्टिंग मात्र भिंतीला ठोकायचं, फळ्यांना नव्हे. फट नसेल तर पावसाळ्यात फळ्या मधोमध उचलल्या जातात आणि दोष उगाच मालाला दिला जातो.

जुन्या टाइल्स सपाट, पक्क्या असतील तर फोडू नका; वर प्लास्टिकचा कागद, त्यावर फोम. घरासाठी झीज सहन करण्याचा एसी3 दर्जा पुरे. बाथरूममध्ये लॅमिनेट नकोच. दाराखाली फळी आणि फोम आधी सरकवून पाहा. दार अडत असेल तर सुताराला अगोदरच बोलवा.