एका सेकंदाच्या पोटात

मोबाइल टॉवरवरचा फोर-जीचा एक सेक्टर दर मिलिसेकंदाला एक निवाडा करतो: आत्ता कुणाच्या फोनला किती वाटा द्यायचा. सेकंदाला 1000 निवाडे. आपली पापणी लवून वर येईपर्यंत शंभर तरी उरकलेले असतात. दिवसाचे 86,400 सेकंद धरले तर 8 कोटी 64 लाख. पट्टा 20 मेगाहर्ट्झचा असला तर दर खेपेला 100 तुकडे वाटायचे, म्हणजे दिवसाला 864 कोटी. आणि हे झालं एकाच सेक्टरचं. एका टॉवरवर सहसा असे तीन असतात.

फोनपर्यंत जे पोचतं ते पाहून तर मी थक्क होतो. सिग्नल उणे 100 डीबीएम असला तरी काम चालतं. ही ताकद किती? एका वॅटचे 10 लाख कोटी भाग करा, त्यातला एक. एवढ्याशा धुगधुगीवर आपण परगावच्या आईचा चेहरा बघत बोलतो.

तीही स्थिर नसते. 1800 मेगाहर्ट्झची लहर साधारण 17 सेंटीमीटर लांब. भिंतींवर, झाडांवर आपटून आलेल्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना गिळतात. फोन चार बोटं सरकला की सगळा हिशेब बदलतो. ताशी 100 किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत ही चार बोटं 3 मिलिसेकंदांत मागे पडतात.

पुढच्या काही सेकंदांत फोनला डेटाचा किती वेग मिळेल, याचा अंदाज बांधायचा तो अशा चढउतारांत. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018मध्ये आपली मोजमापं सर्वांसाठी खुली केली. एका जागी बसून, पायी, मोटारीत, बसमध्ये, रेल्वेत घेतलेल्या 135 नोंदमाला, प्रत्येकी सरासरी 15 मिनिटांची, दर सेकंदाला एक नोंद. एकूण साधारण 1 लाख 21 हजार सेकंद, म्हणजे जेमतेम 34 तास. तेवढ्यात डेटाचा वेग सेकंदाला शून्यापासून 173 मेगाबिटपर्यंत हेलकावे खातो. नोंदीतल्या एकेका ओळीच्या पोटात टॉवरचे ते हजार निवाडे दडलेले.

खरी मेख मला दुसरीकडेच दिसते. फोनला स्वतःचा सिग्नल कळतो. त्याच टॉवरवर आणखी किती वाटेकरी बसलेत, हे कळत नाही. सिग्नल भरभक्कम असूनही गर्दीत व्हिडिओ अडकतो तो यामुळे. म्हणून मशिन लर्निंगच्या मॉडेलला गेल्या काही सेकंदांचा वेग, सिग्नलची पातळी, त्यातला गोंगाट, गाडीची चाल हे सगळं एकत्र दाखवतात, आणि ते पुढच्या काही सेकंदांची सरासरी सांगतं. एकेक मिलिसेकंद सांगणं त्याच्या आवाक्यात नाही, आणि त्याची गरजही नाही.

व्हिडिओला सेकंदाला 5 मेगाबिट लागतात असं धरा. 173 मेगाबिटचा एकच सेकंद हाती लागला, तर 34 सेकंदांचं चित्र साठवून ठेवता येतं. पुढच्या वळणावर शून्य येणार हे आधी कळलं, तर तो साठा संपेपर्यंत ताशी 100 किलोमीटरने धावणारी ती गाडी जवळजवळ एक किलोमीटर पुढे गेलेली असते.